सारंगाच्या वेळी आपण कुठे असतो?

डिसेंबर उतरणीला लागला की आमच्या ऑफिसात उरलेल्या रजांचा हिशेब निघतो. यंदा माझ्या नावावर सहा दिवस निघाले. ३१ तारखेच्या आत घेतले नाहीत तर बुडणार. "कुठे चाललात?" सगळ्यांचा एकच प्रश्न. "ठाण्यात," म्हटल्यावर शेजारच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या, "ठाण्यातच राहता ना तुम्ही?"

राहतो म्हणजे झोपायला येतो.

या रजेमागे खरं तर एक दंतवैद्य होता. शाळेपासूनचा मित्र. नौपाड्यात दवाखाना आणि दवाखाना मिटला की तबला. (दोन्हीकडे ठोकठोक, हा विनोद त्याला कृपा करून कुणी आता ऐकवू नये.) हा गृहस्थ एकदा चहा पिता पिता मला म्हणाला, "तू तीस वर्षं गाणं ऐकतोयस, पण अर्ध्याच घड्याळाचं."

मला राग आला. मग घरी येऊन विचार केला आणि जास्तच राग आला, कारण ते खरं होतं. आपल्याकडे दिवसरात्रीचे आठ प्रहर आणि प्रत्येक प्रहराचे राग ठरलेले. आता नोकरदार ठाणेकराचा दिवस त्यावर ठेवून बघा. भैरवाच्या वेळी आपण गिझर चालू करतो. तोडीचा प्रहर ठाणे आणि दादरच्या मधे, कुणाच्या तरी बॅगेखाली जातो. सारंगाच्या वेळी डबा उघडलेला असतो. भीमपलासाच्या वेळी मीटिंग, मुलतानीच्या वेळी दुसरी मीटिंग. मारव्याची कातरवेळ सीएसएमटीच्या फलाटावर इंडिकेटरकडे बघण्यात सरते. आपल्या वाट्याला येतात ते रात्रीचे यमन, बिहाग आणि त्यांचे शेजारी. बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ला धावली. तेव्हापासून या गावाचे प्रहर रेल्वेच ठरवते आहे.

तर सहा दिवस उरलेलं अर्धं घड्याळ ऐकायचं, असं ठरलं.

पहिल्याच रविवारी सकाळी साडेसहाला घंटाळीच्या एका सभागृहात मैफल होती. त्या वेळी तिथे कोण येणार, अशा समजुतीने गेलो तर मागच्या खुर्च्यासुद्धा भरलेल्या. मफलर, कानटोप्या, दोन-तीन थर्मास. ठाण्यात पारा वीसच्या जवळ आला की लोकांना स्वेटर दाखवायची घाई होते. गायिकेने तंबोरे जुळवायला चांगली दहा मिनिटं घेतली. ललत या पहाटेच्या रागात पंचम (प) नाही, म्हणून पहिली तार पंचमाऐवजी मध्यमाला (म) लावलेली. तेवढ्या एका तारेने तंबोऱ्याचा सगळा स्वभाव बदलतो. नेहमीचा भरलेला, सुखवस्तू आवाज जाऊन काहीतरी अर्धवट उजाडल्यासारखा येतो. आणि मग तिने शुद्ध आणि तीव्र असे दोन्ही मध्यम एकापाठोपाठ लावले, तेव्हा खिडकीबाहेर खरोखरच अर्धवट उजाडलेलं होतं. हा राग मी कितीदा तरी रात्री जेवताना मोबाइलवर लावला होता. म्हणजे कितीदा तरी त्याचा अपमान केला होता.

तोडी संपेपर्यंत साडेनऊ वाजले आणि पोटात ओरड सुरू झाली. मामलेदार कचेरीशेजारची म्हणून मामलेदार, ती मिसळ. आम्ही चौघं. दंतवैद्याने तिखट मागवली, बाकीच्यांनी वय ओळखून मध्यम. पहिल्या दोन घासांनंतर कुणी बोललं नाही. नाकातून पाणी वाहत असताना बँकेतला मित्र म्हणाला, "तिने तोडीत पंचम जरा जास्तच दाखवला." त्यावर वाद झाला आणि त्या वादात आणखी दोन पाव गेले.

सोमवार-मंगळवार पुस्तकाचे. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचं. मी त्याचा सभासद आहे हे मलाच वर्गणीच्या पावतीवरून आठवतं. एक जुनं प्रवासवर्णन आणलं, पानं बिस्किटासारखी मोडणारी. लेखकाने हिमालयातल्या एका रात्रीचं फार मोहरून वर्णन केलंय, आणि शेजारी कुणीतरी पेन्सिलने लिहिलंय, 'हे खोटं आहे.' त्याखाली दुसऱ्या अक्षरात, शाईने: 'आपण गेला होतात काय?' या दोघांसाठी मी पुस्तक शेवटपर्यंत वाचलं. पुढे कुठेच ते पुन्हा भेटले नाहीत. चुटपुट लागली.

बुधवार मात्र त्या आठवड्याचा राजा. दंतवैद्याच्या आत्या ऐंशीच्या पुढच्या. जुन्या ठाण्यातल्या सीकेपी, आणि इमारत पुनर्विकासाला जायच्या आत एकदा सगळ्यांनी यायचं, असा त्यांचा हुकूम होता. जेवणाला वालाचं बिरडं. हे असलं जेवण फोनवर ठरवून तासाभरात होत नाही. कडवे वाल सोमवारी भिजलेले, मंगळवारी फडक्यात बांधून मोड काढलेले, बुधवारी सकाळी कोमट पाण्यात. आम्ही पोचलो तर आत्यांनी परात पुढे सरकवली. "सोला. बिरडं काय आयतं खायचं असतं?"

चार पन्नाशीचे पुरुष जमिनीवर बसून वाल सोलत होते. चिमटीत धरून दाबलं की डाळिंबी टुणकन् बाहेर उडते, ती बहुधा कपाटाखाली. दंतवैद्याचा वेग बघून आत्या म्हणाल्या, "दात असेच काढतोस होय रे?" मग नारळाचं दूध, आमसूल, गुळाचा खडा, आणि त्या वासाने भरलेलं घर.

पानं वाढायला अजून अर्धा तास होता. आत्यांनी हात पुसले आणि पेटी पुढे ओढली. त्या कधी काळी शिकलेल्या. कुठे गायल्या नाहीत, संसार केला. "बारा वाजून गेलेत, सारंगच गाते," म्हणाल्या आणि वृंदावनी सुरू केला. आवाज पिकलेला, वरचा षड्ज लागेना तेव्हा पेटीवर बोट ठेवून त्या नुसत्या हसल्या. पण रिषभ असा लावला की बाहेरचं ऊन ऐकू आलं. खालच्या गल्लीत भंगारवाला ओरडत होता, समोरच्या टॉवरचं ड्रिलिंग चालू होतं, कुकरने शिट्टी दिली. सगळं त्या सारंगात जसंच्या तसं मावत होतं. रोज दुपारी साडेबाराला माझ्याच गावात हे ऊन पडत असतं, आणि मी नरिमन पॉइंटला पडदे ओढून बसलेला असतो.

त्यानंतर बिरडं. त्याबद्दल लिहिणार नाही. जे हळहळतील त्यांचे शाप लागतात.

शनिवारी संध्याकाळी गडकरी रंगायतन. मासुंदा तलावाच्या काठावर १९७८पासून उभं असलेलं हे नाट्यगृह ठाणेकराला घरच्यासारखंच, त्यामुळे मध्यंतरात बटाटेवड्याच्या रांगेत निम्मं गाव भेटतं. गाणं उत्तम झालं. पूरिया कल्याण, मग नाट्यपदं. नऊ वाजले आणि गायकाने घड्याळाकडे पाहिलं. पूर्वी मैफली रात्रभर चालायच्या. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी उघड्यावरचे कर्णे एरवी रात्री दहाला गप्प केले. बंद सभागृहाला ती सक्ती नाही, पण तिथे सत्राची वेळ असते, आणि ती नसली तरी आपल्याला रिक्षा हवी असते. म्हणून हल्ली मध्यरात्रीचा मालकंस आठला उरकतो, दरबारी साडेआठला. आणि भैरवी, जी मुळात सकाळची, ती शेवट करायचा म्हणून रात्री सव्वानऊला. टाळ्या पडल्या, लोक चपला शोधायला लागले. दंतवैद्य कानात कुजबुजला, "सकाळ झाली. चल, दात घास."

सोमवारी पुन्हा सव्वाआठची फास्ट. आमच्या डब्यात एक भजनी मंडळ असतं. चार टाळ, एक खणखणीत गळा, ढोलकी नाही. मी इतकी वर्षं त्यांना टाळून दोन दरवाजे पुढे चढत आलोय. त्या दिवशी गर्दीने ढकलून नेमका त्यांच्यात नेऊन उभा केला. सूर सारखा वर सरकत होता, कोरस आपापल्या पट्टीत, मुलुंडला एकाचा टाळ माझ्या कोपराला लागला. घाटकोपर गेलं तसे ते आवरतं घेऊ लागले, आणि शेवटच्या अभंगाला त्या खणखणीत गळ्याने कोमल रिषभ लावला.

मी घड्याळ बघितलं. नऊला दहा कमी.

खिशातून कसाबसा मोबाइल काढून दंतवैद्याला लिहिलं, "भैरवी. वेळेवर. कुर्ला गेलं."

त्याचं लगेच उत्तर आलं. "ठेका?"

"भजनी. डब्याच्या पत्र्यावर."