हायपरव्हायझरला दिलेले ६४ बाइट: माझा अनुभव

मी फावल्या वेळात एक छोटं कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, लिहिते. ६४-बिट एक्स८६, क्यूएमू-केव्हीएम या हायपरव्हायझरखाली (आभासी मशीन चालवणारा प्रोग्राम) चालणारं, सध्या दोनच व्हीसीपीयूंवर, म्हणजे आभासी प्रोसेसरांवर. खरं मशीन तो होस्ट, त्यावरचं आभासी मशीन तो गेस्ट. कोणती टास्क कधी चालवायची ते ठरवणारा शेड्युलर उभा राहिला, पण वेळेचा हिशेब जुळेना. एखादी टास्क भरपूर वेळ खाऊन बसल्यासारखी दिसायची, आणि प्रत्यक्षात त्या वेळात ती चाललेलीच नसायची. होस्टने अख्खा व्हीसीपीयूच बाजूला काढून ठेवलेला असायचा. लिनक्सवर टॉपमध्ये ‘एसटी’ म्हणून दिसतो तो हाच स्टील टाइम: व्हीसीपीयू चालायला तयार, पण होस्टकडे त्याच्यासाठी कोअर रिकामा नाही.

केव्हीएम हा आकडा द्यायला तयार असतो. गेस्टने प्रत्येक प्रोसेसरसाठी स्वतःच्या मेमरीतले ६४ बाइट राखून ठेवायचे, त्यांचा फिजिकल ॲड्रेस एका एमएसआरमध्ये (प्रोसेसरमधलं एक खास रजिस्टर) लिहायचा आणि शून्य क्रमांकाच्या बिटात १ ठेवायचा. पुढचं लिहिणं केव्हीएमकडे. पहिल्या ८ बाइटांत चोरीला गेलेला वेळ नॅनोसेकंदांत, मग ४ बाइट व्हर्जन, ४ बाइट फ्लॅग, मग एका बाइटमध्ये ‘हा व्हीसीपीयू आत्ता बाजूला काढलाय का’, आणि उरलेले बाइट नुसती भरती. एमएसआरचा क्रमांक हेक्समध्ये ४बी५६४डी०३. त्यातले पहिले तीन बाइट म्हणजे के, व्ही, एम या अक्षरांचे आस्की कोड. कुणीतरी हौसेने ठेवलेत. सगळा कोड वीसेक ओळींचा. एका दुपारचं काम, असं मी धरून चालले होते.

चाचणी सोपी ठेवली. होस्टवर टास्कसेट या कमांडने दोन्ही व्हीसीपीयू एकाच कोअरवर बांधले आणि गेस्टमध्ये दोघांवर रिकामं लूप फिरवत ठेवलं. प्रत्येकाला निम्माच वेळ मिळणार, म्हणजे दर सेकंदाला साधारण अर्धा सेकंद चोरीला गेलेला दिसायला हवा.

दिसलं शून्य. दोन्हीकडे. मी व्हर्च्युअल ॲड्रेस दिला होता, म्हणजे कर्नल स्वतः वापरतं तो, मेमरीतल्या खऱ्या जागेचा नव्हे. एमएसआरने तो मुकाट घेतला, केव्हीएमला त्या ठिकाणी गेस्टची मेमरी सापडली नाही, आणि त्याने तो विषय तिथेच सोडला. एरर नाही, एक्सेप्शन नाही. इथे चूक झाली की बहुतेक वेळा काहीच होत नाही, हे तेव्हा कळलं.

फिजिकल ॲड्रेस दिल्यावर आकडा आला, पण भलताच: शेकडो वर्षं चोरीला गेलेली. केव्हीएम त्या जागी नवा आकडा लिहीत नाही. तिथे जे काही असेल ते वाचून त्यात भर घालतो. माझ्या त्या ८ बाइटांत आधीचा कचरा होता. नोंदणीआधी ६४ही बाइट शून्य करणं हे गेस्टचंच काम.

मग खरी गंमत. दोन्ही प्रोसेसर एकच आकडा दाखवू लागले आणि तो दर सेकंदाला एक सेकंदाने वाढत होता. म्हणजे शंभर टक्के वेळ चोरीला, आणि तरी लूप फिरतंय! याच्यावर मी बराच वेळ घालवला. माझ्या कर्नलमध्ये पहिला प्रोसेसर पर-सीपीयू सेक्शनची (प्रत्येक प्रोसेसरचा स्वतंत्र डेटा) मूळ प्रत वापरतो आणि दुसऱ्याला वेगळी प्रत मिळते. मी मात्र नुसता व्हेरिएबलचा ॲड्रेस घेतला होता, त्यात त्या त्या प्रोसेसरचा बेस, म्हणजे त्याच्या प्रतीपर्यंतचं अंतर, मिळवलाच नव्हता. त्यामुळे दुसऱ्यानेही पहिल्याचीच जागा नोंदवली होती, आणि केव्हीएम इमानदारीने दोघांचा अर्धा-अर्धा सेकंद एकाच खात्यात जमा करत होता.

बेस मिळवला, तर दुसरा प्रोसेसर जागा होताक्षणी अख्खं मशीन रीबूट. ही चूक आधीच्या चुकीखाली दबून होती. प्रतीची लांबी ६४च्या पटीत नव्हती, त्यामुळे दुसऱ्या प्रतीचा ॲड्रेस वाकडा यायचा. एमएसआरचे १ ते ५ हे बिट राखीव आहेत. तिथे शून्य सोडून काही असलं तर केव्हीएम जनरल प्रोटेक्शन फॉल्ट हे एक्सेप्शन देतो. तसा तो बिचारा स्पष्ट बोलला होता, पण मी नोंदणी आयडीटी (कोणता फॉल्ट कोणी हाताळायचा याचा तक्ता) लोड करायच्या आधी करत होते. फॉल्ट घ्यायलाच कोणी नाही, म्हणून ट्रिपल फॉल्ट, आणि त्यातून रीबूट. लांबी ६४च्या पटीत नेली, नोंदणी आयडीटीनंतर सरकवली, आणि दोन्हीकडे अर्धा-अर्धा सेकंद दिसला.

वाचताना व्हर्जन दोनदा बघावा लागतो: विषम असला किंवा मधेच बदलला तर पुन्हा वाचायचं. स्वतःचा प्रोसेसर थांबलेला असतानाच केव्हीएम लिहितो, मग हा सोपस्कार कशाला, असं मला वाटलं होतं. पण दुसऱ्या प्रोसेसरचे बाइट वाचायला गेलं की कारण समजतं: नेमकं तेव्हाच केव्हीएम ते बदलत असू शकतो.

काम झालं म्हणून मी पुढे गेले. महिनाभराने टास्कची नावं बिघडायला लागली.

माझ्या कर्नलमध्ये एक सोय आहे: व्हीएम रिसेट न करता नवा बिल्ड मेमरीत टाकून थेट त्यात उडी मारायची. अशा उडीनंतर टास्क टेबलमधल्या एका नावाची पहिली चार-पाच अक्षरं बदलत राहायची. आठवं अक्षर कधीच नाही. नववं पुन्हा बदलायचं. होस्ट निवांत असला की सगळं ठीक. होस्टवर कंपाइल सुरू केलं की बिघाड. मी लॉक तपासले, स्टॅक तपासले. शेवटी ते ६४ बाइट काही सेकंदांच्या अंतराने दोनदा छापले आणि अक्षरं म्हणून न बघता आकडे म्हणून बघितले. पहिले आठ बाइट हा लिटल-एंडियन (सगळ्यात खालचा बाइट आधी) काउंटर होता, म्हणून खालचे बाइट पळत होते आणि आठवा जागचा हलत नव्हता. पुढच्या चार बाइटांतला आकडा प्रत्येक वेळी सम.

जुन्या कर्नलने दिलेला ॲड्रेस केव्हीएमकडे तसाच होता. नव्या बिल्डमध्ये मी दुसऱ्या कामासाठी नोंदणी बंद ठेवली होती, आणि त्याच फिजिकल जागी आता टास्क टेबल येऊन बसलं होतं. बाधा फक्त पहिल्या प्रोसेसरची: दुसऱ्याला जागं करताना आयएनआयटी हा रिसेटचा सिग्नल जातो, आणि त्यात केव्हीएम त्याची नोंद पुसून टाकतो. पहिल्याला तो जातच नाही.

आता उडी मारायच्या आधी प्रत्येक प्रोसेसर स्वतःच्या एमएसआरमध्ये शून्य लिहितो. दुसऱ्याच्या वतीने लिहिता येत नाही, म्हणून त्याला आयपीआय (एका प्रोसेसरने दुसऱ्याला दिलेला इंटरप्ट) पाठवून ते करवून घ्यावं लागतं. ‘बाजूला काढलाय का’ हा बाइट मात्र अजून पडून आहे. तो स्पिनलॉकमध्ये (लॉक सुटेपर्यंत लूपमध्ये फिरत वाट बघणं) वापरायचाय, म्हणजे लॉक धरून बसलेला व्हीसीपीयू चालतच नसेल तर उगाच फिरत बसायला नको.