अहंकाराशी भांडायला वारीत सवड नसते

‘या वारीत अहंकार सोडूनच येणार’ असा पण करून येणारे आळंदीला दरवर्षी भेटतात. बहुतेक जण अनवाणी असतात. ज्येष्ठ वद्य अष्टमीला माउलींची पालखी हलते, पुण्यापर्यंत उत्साह पाय उचलतो. पुढचा पुणे-सासवड टप्पा सगळ्यात लांबचा, ३० किलोमीटरच्या वर, आणि त्यातच दिवेघाट. तापल्या डांबरावर सवय नसलेले तळवे सोलतात. मग लोणंद येईतो चित्त विठ्ठलाकडे नाही, तळव्यांकडेच. ज्या ‘मी’ला हरवायला निघाले त्याचीच सेवा चालू!

आमचं नवख्यांना सांगणं साधं असतं. महिनाभर वापरून मऊ झालेले बूट घाला, सुती मोज्यांचे तीन जोड ठेवा. फोड येतात ते नुसत्या चालण्याने नव्हे. ओल्या मोज्यात कातडी मऊ पडते आणि घासली जाते. म्हणून सर येऊन गेली की विसाव्याला मोजे बदला. रात्री पाय कोरडे करून खोबरेल चोळा, फोड सुईने फोडू नका. दिंडीचा क्रमांक आणि ती पालखीच्या रथापुढे की रथामागे, हे कागदावर लिहून खिशात ठेवा, कारण चुकामूक होतेच. बाकीचं सामान ट्रकमध्ये.

एवढं झालं की शरीर वाटेतून बाजूला होतं. पुढचं काम दिंडीची रचना करते. पुढे पताका, मग टाळकऱ्यांच्या रांगा, त्यांच्यात मृदंग, मागे विणेकरी, त्यामागे तुळस घेतलेल्या माउल्या. ज्याची जागा जिथे, तो तिथे. नवख्याच्या हाती टाळ दिला की तो आवळून धरतो आणि जोरात वाजवतो. दोरी बोटात रुतते, लय मृदंगाच्या पुढे पळते. दोरीखाली सुती चिंधी गुंडाळायची, मूठ सैल सोडायची, नि कान मृदंगावर ठेवायचा. कान तिकडे लागला की आपला टाळ वेगळा ऐकू येईनासा होतो. ‘मी’ला हाकलावं लागत नाही, त्याच्याकडे बघायला कुणी मोकळं नसतं. मायेवर तासभर निरूपण ऐकून जे होत नाही ते ‘ज्ञानोबा माउली तुकाराम’च्या गजरात होऊन जातं, असं आमचं मत. निरूपणकार रागावतील, पण असो.

याचा अर्थ वारीत रुसवेफुगवे नसतात असं नाही. खूप असतात: तंबूची जागा, पाण्याचा टँकर, कुणाची दिंडी मध्ये घुसली. त्यावरचा उपाय पाहायचा असेल तर मुक्कामाची समाजआरती चुकवू नका. तळावर पालखीभोवती दिंड्या गोलाकार उभ्या राहतात, सगळीकडे टाळ-मृदंगाचा कल्लोळ. सोहळ्याची शिस्त राखणारे चोपदार हातातला चोप, म्हणजे दंड, उंचावतात आणि एका क्षणात सगळं शांत होतं. ज्या दिंडीची तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवतच राहते. चोपदार तिथे जातात, ऐकून घेतात, तोड काढतात, मग त्यांचे टाळ थांबतात. हरवल्या-सापडल्याचं आणि उद्याच्या वेळांचं सांगून झालं की आरती. गाऱ्हाणं दाबून टाका असं कुणी म्हणत नाही, पण ते पोटात घेऊन आरतीला उभंही राहायचं नाही. ही रीत घरी नेता आली तर बघा.

शेवटच्या टप्प्यात अहंकार पुन्हा डोकं काढतो, तो दर्शनावरून. एकादशीच्या दर्शनबारीत तासन्‌तास जातात, आणि ‘एवढं चालून आलो’ हा हक्क तिथे चालत नाही. कितीतरी जुने वारकरी चंद्रभागेचं स्नान, नगरप्रदक्षिणा आणि कळसाचं दर्शन एवढ्यावर तृप्त असतात. बारीत उभं राहायचंच असेल तर पाणी नि शेंगदाण्याचे लाडू जवळ ठेवा. परतीचं तिकीट मात्र एकादशीच्या रात्रीचं काढू नका. पौर्णिमेला गोपाळपूरला काला होतो, आणि काल्याचा प्रसाद घेतल्याशिवाय आमच्याकडे वारी पुरी झाली असं धरत नाहीत.