नव्या विज्ञान शिक्षकाच्या हातात आधी काय द्यायचं?

केंद्राच्या, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत चहाच्या वेळी, एखाद्या मुख्याध्यापकांच्या फोनवर, नाहीतर नुकत्याच रुजू झालेल्या एखाद्या शिक्षिकेकडून हा प्रश्न येतोच: "मॅडम, सहावी ते आठवीच्या नव्या विज्ञान शिक्षकांबरोबर तुम्ही नेमकं करता काय? मुलांना स्वतः शोधू द्या, असं प्रशिक्षणात सगळेच सांगतात. पण सोमवारी वर्गात गेल्यावर करायचं काय?" तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

मी आधी त्यांच्या हातात काठी देते. मारायची नव्हे. एक मीटर लांबीची, सरळ, मैदानात रोवता येईल अशी.

या सत्रात शिक्षकच विद्यार्थी असतात. मी विचारते, "दुपारी बारा वाजता आपली सावली कुठे असते?" बी.एस्सी. झालेले असोत की डी.एड., पहिलं उत्तर ठरलेलं: "पायाखाली." ते मी फळ्यावर लिहून ठेवते आणि सगळ्यांना बाहेर काढते. ओळंबा धरून काठी उभी करायची, साडेअकरापासून एक वाजेपर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकावर खूण करायची आणि लांबी वहीत उतरवायची. हे मी मुद्दाम डिसेंबर-जानेवारीत करते. पुणे-जुन्नर भागात डिसेंबरअखेरीस एक मीटरच्या काठीची सर्वांत आखूड सावलीसुद्धा नव्वदेक सेंटीमीटर भरते. म्हणजे जवळजवळ काठीइतकीच! शिवाय ती बाराला येतच नाही, साडेबारा उलटून गेल्यावर येते.

मग खरी मजा सुरू होते. "काठी वाकडी असेल." "माझं घड्याळ पुढे असेल." "जमिनीला उतार आहे." मी एवढंच विचारते, "हे तपासायचं कसं?" कुणी पुन्हा ओळंबा लावतं, कुणी मोबाइलवरची वेळ बघतं, कुणी पाण्याची बाटली आडवी ठेवून बुडबुडा कुठे थांबतो ते पाहतं. शंका एकेक करून बाद होत जातात आणि सावली काही हलत नाही. शेवटी कुणीतरी म्हणतंच, "हिवाळ्यामुळे असेल." मग प्रश्न उरतो की उन्हाळ्यात तरी ती पायाखाली येते का, आणि आली तर कधी. आपल्या महाराष्ट्रात वर्षातून दोन दिवस ती खरोखर पायाखाली येते. जुन्नरकडे एक दिवस मेच्या मध्याला आणि दुसरा जुलैच्या शेवटच्या आठवड्यात. पहिल्या वेळी शाळेला सुट्टी आणि दुसऱ्या वेळी आभाळ भरलेलं. निसर्गाला शिक्षण विभागाचं वेळापत्रक कुणी दाखवलेलं दिसत नाही.

वेळेचं कोडं मात्र नुसत्या निरीक्षणातून सुटत नाही. नागपूरला ओळखीचं कुणी असेल तर त्याच दिवशी त्यांना तिथे काठी रोवायला सांगायची. त्यांची सावली आपल्या वीसेक मिनिटं आधी सर्वांत आखूड होते. हे आकडे शेजारी शेजारी मांडले की मी स्वतःच सांगून टाकते: आपली घड्याळं 82.5 अंश पूर्व रेखांशावर लावलेली आहेत, आपण त्याच्या पश्चिमेला साडेआठ अंशांवर आहोत आणि सूर्याला एक अंश ओलांडायला चार मिनिटं लागतात. पुढचा गुणाकार ते करतात. चौतीस मिनिटं. वर्षभरात यात काही मिनिटांचा फरक पडतो, पण सहावीला एवढं पुष्कळ झालं.

मी "सांगून टाकते" असं म्हटलं, ते जाणूनबुजून. मुलांना शोधू द्यायचं म्हणजे शिक्षकाने तोंडाला कुलूप लावायचं, हा समज मला सर्वांत घातक वाटतो. प्रमाणवेळ माणसांनी ठरवलेली आहे. ती मैदानात काठी रोवून सापडणार नाही. काय शोधू द्यायचं आणि काय सरळ सांगायचं, हे पाठाआधी ठरवणं हेच शिक्षकाचं निम्मं काम आहे, आणि नव्या शिक्षकाला मदत लागते ती नेमकी इथे.

शिक्षकाने आधी स्वतः करून बघायचं, ही युक्ती माझी नाही. 1972 साली मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या नर्मदापुरममध्ये, किशोर भारती आणि रसुलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी 16 मिडल स्कूलमध्ये होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू केला. 1982 मध्ये स्थापन झालेल्या एकलव्य संस्थेने तो पुढे नेला आणि तो शेकडो सरकारी शाळांत पोचला. तिथे शिक्षक सुट्टीतल्या शिबिरात मुलांचे प्रयोग स्वतः करत, अडत, वाद घालत. वर्ष सुरू झालं की दर महिन्याला बैठक व्हायची आणि वर्गात काय बिनसलं ते तिथे मांडलं जायचं. परीक्षेत पुस्तक उघडायला परवानगी होती आणि प्रात्यक्षिकही असे. मुलं सवालीराम नावाच्या एका काल्पनिक माणसाला पत्रं लिहून प्रश्न विचारायची. 2002 मध्ये राज्य सरकारने हा कार्यक्रम बंद केला. माझ्या मते त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट प्रयोगाच्या साहित्याचं किट नव्हती, पुस्तकंही नव्हती. ती होती दरमहाची बैठक. शिबिरातून आणलेला उत्साह पहिल्या घटक चाचणीपर्यंत टिकतो, पुढे कुणीतरी सोबत लागतं.

म्हणून दुसरं काम म्हणजे वर्गात मागच्या बाकावर बसणं. वही घेऊन, पण गुण द्यायला नाही. तिथून एक गोष्ट हमखास दिसते. शिक्षक छान प्रश्न विचारतात, पहिल्या बाकावरची मुलगी बरोबर उत्तर देते, शिक्षक "शाब्बास!" म्हणतात आणि वर्गाचा विचार तिथेच संपतो. बाकीच्यांनी कशाला डोकं चालवायचं? मी सुचवते, चेहऱ्यावर काहीही न दाखवता तिलाही विचारा, "तुला असं का वाटतं?" आणि मग मागच्या रांगेकडे वळा: "तुम्हांला पटतंय का?" ऐकायला सोपं आहे. करताना नव्या शिक्षकाला ती शांतता खायला उठते. ती सोसायची सवय लागायला बरेच महिने जातात.

पाठ्यपुस्तकातलं 'करून पहा' वापरायची माझी रीतही सांगते. कृती वाचायची आणि पुस्तक मिटायचं. निष्कर्ष सहसा खालीच छापलेला असतो, तो वाचला की प्रयोग म्हणजे नुसता उपचार. मेणबत्तीचा नेहमीचा प्रयोग घ्या. ताटलीत पाणी, मधे पेटती मेणबत्ती, वर उपडा ग्लास. मेणबत्ती विझते, पाणी आत चढतं. "ऑक्सिजन जळून गेला, त्याची जागा पाण्याने घेतली," हे स्पष्टीकरण पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. मी शिक्षकांना म्हणते, आता तोच ग्लास दोन मेणबत्त्यांवर ठेवा, मग तीनांवर. पाणी दर वेळी जास्त चढतं. ग्लासातला ऑक्सिजन तर तेवढाच आहे! मग नीट बघितलं की ग्लास टेकताना कडेने निघालेले बुडबुडे दिसतात आणि पाणी मुख्यतः ज्योत विझल्यावर चढतं हेही लक्षात येतं. तापलेली हवा फुगून बाहेर पडली, उरलेली गार होऊन आकसली. एवढं झालं की जळताना तयार झालेल्या कार्बन डायऑक्साइडचं काय, हा प्रश्न आठवीची मुलं स्वतःच काढतात.

साहित्याबद्दल फार बोलत नाही. प्रयोगशाळेच्या कपाटाला कुलूप असतं, कारण परीक्षानळी फुटली तर डेडस्टॉक रजिस्टरचं, म्हणजे शाळेच्या वस्तूंच्या नोंदवहीचं, काय करायचं ही भीती. त्यापेक्षा इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्या धुऊन, उकळून वापरा, सुया सोडून. पन्नास मुलं असतील तर सहा-सहांचे गट करा आणि नोंदी करणारं मूल दर वेळी बदला, नाहीतर सुंदर अक्षराच्या मुली वर्षभर लिहीतच बसतात.

आणि वेळ? सगळे पाठ असे शिकवायला वेळ पुरत नाही, हे मी खुशाल कबूल करते. पहिल्या वर्षी महिन्याला एकच पाठ असा घ्या, बाकीचे तुम्हांला जमतात तसे शिकवा. महिन्याला एक म्हणजे फारच थोडं, असं काही प्रशिक्षकांना वाटतं. मला वाटत नाही. दर आठवड्याचं बंधन घातलेले तरुण शिक्षक दिवाळीपर्यंत थकतात आणि मग फक्त नोंदवहीत प्रयोग होतात.

मुख्याध्यापकांकडे मात्र मी एक गोष्ट हट्टाने मागते: विज्ञानाच्या लागोपाठ दोन तासिका, आठवड्यातून एकदा. पस्तीस-चाळीस मिनिटांत साहित्य मांडून होतं तोवर घंटा वाजते. वेळापत्रक जूनमध्ये ठरतं, तेव्हा मागणीही तेव्हाच करा. जुलैत गेलात तर खेळाचे सर आपली तासिका सोडणार नाहीत, आणि त्यांनी का सोडावी?