बॉलपेनने लिहिलेली सीडी

रविवारी कपाट आवरताना तळाशी एक सीडी सापडली. वर माझ्याच अक्षरात, निळ्या बॉलपेनने लिहिलेलं: ‘बाबा – बासरी, 2005’. कॅसेटवरचा त्यांचा रियाज रात्र रात्र जागून कॉम्प्युटरवर घेतला होता आणि त्याची ऑडिओ सीडी राइट केली होती. कॅसेट पुढे घर बदलताना हरवल्या. म्हणजे उरलं ते एवढंच.

ट्रेमध्ये ठेवण्याआधी सीडी उजेडासमोर धरली आणि पोटात गोळाच आला. ‘बा’च्या कान्याशी, जिथे पेन जोरात टेकलं होतं, तिथून टाचणीच्या टोकाएवढा उजेड आरपार येत होता.

आपण सगळे जपतो ती चकचकीत बाजू. पण त्या बाजूला जवळजवळ 1.2 मिलिमीटर जाडीचं पॉलिकार्बोनेट, म्हणजे पारदर्शक प्लास्टिक, असतं आणि लेसर त्यातून आत जातो. तिथला वरवरचा ओरखडा पॉलिश करून घालवताही येतो. खरी नाजूक असते लिहायची बाजू. तिच्याखाली लॅकरचा, म्हणजे वार्निशसारखा, पातळ लेप आणि लगेच धातूचा परावर्तक थर. तो एकदा उचकटला की गेला. (डीव्हीडीत हा थर दोन चकत्यांच्या मधोमध असतो, त्यामुळे ती इतकी हळवी नाही.) मऊ टोकाचा मार्कर वापरायला हवा होता.

तरी आशा होती. सीडीवर आवाजाचे आकडे सलग लिहिलेले नसतात. ते विखरून ठेवतात आणि सोबत दुरुस्तीचे जादा आकडे देतात. त्यामुळे ट्रॅकवरचा (म्हणजे सीडीवर गोल गोल फिरणाऱ्या रेघेवरचा) सुमारे अडीच मिलिमीटरचा तुकडा वाचता आला नाही, तरी मूळ आकडे जसेच्या तसे परत मांडता येतात. त्याहून जास्त गेलं, तर प्लेअर शेजारच्या नमुन्यांवरून, म्हणजे आवाजाच्या क्षणाक्षणाच्या मापांवरून, अंदाज बांधतो. सेकंदाला 44,100 नमुने असतात, त्यातला एखादा अंदाजाचा असला तर कानाला कळतही नाही.

मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसून घेतली. गोल गोल कधी पुसू नका, ओरखडा ट्रॅकच्या दिशेनेच ओढला जातो आणि सलग मजकूर खातो. मग ड्राइव्हचा वेग कमी केला. सीडी आतून बाहेर वाचली जाते, त्यामुळे पहिले आठ ट्रॅक सुरळीत निघाले. नववा मात्र कडेजवळचा, नेमका त्या भोकाखालचा. मोटर चढायची, उतरायची, परत तीच जागा. पाऊण तास मी नुसता तो आवाज ऐकत बसून होतो. शेवटी दुसऱ्या, जुन्या ड्राइव्हने तो वाचला. मधे एक बारीकशी टिक राहिली.

रात्री बाबांना ऐकवलं. टिक आली तेव्हा मी श्वास रोखून त्यांच्याकडे पाहत होतो. त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं.

“माझा पंचम तेव्हाही चढाच लागायचा,” ते म्हणाले. “परत लाव बघू.”