कॅशमधली फाइल: नाव जुळलं म्हणजे झालं का?

इन्स्टॉल करताना पॅकेज मॅनेजरला (सॉफ्टवेअर डाउनलोड करून बसवणाऱ्या प्रोग्रामला) कॅशमध्ये, म्हणजे आधी डाउनलोड केलेल्या फाइलींच्या साठ्यात, हव्या त्या नावाची आणि आवृत्तीची फाइल सापडली, तरी ती हॅश (फाइलच्या आतल्या बाइटवरून काढलेला, ठशासारखा छोटा कोड) तपासल्याशिवाय वापरू नये. आकारही पुरेसा नाही. अचानक वीज गेली तर आकार बरोबर आणि आत नुसते शून्य बाइट, अशीही फाइल उरू शकते.

डेबियन लिनक्सचा पॅकेज मॅनेजर एपीटी, त्याची मांडणी बघा. अपुरं डाउनलोड ‘/व्हार/कॅश/एपीटी/आर्काइव्ह्ज’मधल्या ‘पार्शियल’ फोल्डरात राहतं. पूर्ण झालं की हॅश पॅकेज सूचीतल्या नोंदीशी ताडला जातो आणि मगच रिनेम होऊन फाइल बाहेर येते. दोन्ही जागा एकाच फाइलसिस्टिमवर (साधारणपणे डिस्कच्या एकाच विभागावर) असल्या की रिनेम एका झटक्यात होतो, अर्धी फाइल बाहेर दिसतच नाही. स्वतःचं टूल लिहिताना तात्पुरती फाइल ‘/टीएमपी’मध्ये ठेवू नका. ती बरेचदा वेगळी फाइलसिस्टिम असते, मग रिनेमऐवजी कॉपी करावी लागते आणि ही हमी जाते. रिनेमआधी एफसिंक (डेटा खरोखर डिस्कवर लिहायला लावणं) करायलाच हवं. वरचे शून्य बाइट बहुधा ते न केल्यामुळेच येतात.

जावास्क्रिप्टचा पॅकेज मॅनेजर एनपीएम, त्याच्या ५ व्या आवृत्तीपासून (२०१७) कॅशमधल्या फाइलचा पत्ताच तिच्या हॅशवरून ठरतो. वाचताना हॅश जुळला नाही, तर फाइल नाहीच असं धरून ती पुन्हा डाउनलोड होते. मला हेच वागणं योग्य वाटतं. एक फाइल बिघडली म्हणून वापरणाऱ्याला अख्खी कॅश रिकामी करायला लावणं हा टूलचा दोष आहे.

साफसफाईबाबत मात्र एकमत नाही. २०१६ च्या १.२ आवृत्तीपासून ‘एपीटी’ ही आज्ञा इन्स्टॉल यशस्वी झाल्यावर डेब फाइल (डेबियनची पॅकेज फाइल) काढून टाकते, ‘एपीटी-गेट’ ही जुनी आज्ञा ठेवते. आर्च लिनक्सचा पॅकेज मॅनेजर पॅकमॅन जुन्या आवृत्त्याही ठेवतो. अपडेट बिघडलं तर ‘पॅकमॅन -यू’ने मागे जाता येतं, पण डिस्क भरत जाते; ‘पॅककॅश -आर’ शेवटच्या तीन ठेवून बाकी काढतं. निदान एक मागची आवृत्ती तरी राहू द्यावी. नेटवर्कचा ड्रायव्हरच बिघडला तर ती डाउनलोड करणार कशी?

डॉकरमध्ये (प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं एका इमेजमध्ये बांधणारं टूल) एपीटीचे अपडेट आणि इन्स्टॉल एकाच ‘रन’ ओळीत लिहा. वेगळे लिहिले तर अपडेटचा जुना लेयर (प्रत्येक ओळीतून इमेजमध्ये तयार होणारा थर) डॉकरच्या कॅशमधून येतो, त्यातली सूची मिररवरून (पॅकेजं पुरवणाऱ्या सर्व्हरवरून) केव्हाच हटलेली डेब फाइल मागते आणि ४०४, म्हणजे ‘फाइल सापडली नाही’, हा एरर मिळतो. ‘/व्हार/लिब/एपीटी/लिस्ट्स’मधल्या सूचीच्या फाइलीही त्याच ओळीत पुसा, पुढच्या ओळीत पुसल्या तर खालच्या लेयरमध्ये त्या तशाच राहतात, इमेज काही लहान होत नाही.