आधी वजनकाटा, मग पाना : आमची वाटचाल

आमच्या बाबांनी गोव्यात डिचोलीला वर्कशॉप टाकलं ते ट्रकसाठी. खाणीवरून धक्क्यापर्यंत खनिज ओढणारे टिपर, त्यांचे तुटलेले पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) आणि मागचा हौदा उचलणारे, गळणारे हायड्रॉलिक जॅक, एवढ्यावर घर चालायचं. जॅकचा रॉड लेथवर धरणं, तेल अडवणारं रबरी सील बसवणं हे मी शाळेत असल्यापासून त्यांच्या हाताखाली केलं. २०१२च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या आणि ट्रक दारोदार उभे राहिले. चाकच फिरेना तर पाटा कुठून तुटणार? नंतर काम थोडं सुरू झालं, २०१८च्या मार्चमध्ये परत थांबलं. तोवर आम्ही ट्रकची वाट बघणं सोडून मोटारसायकलच्या सस्पेन्शनकडे, म्हणजे धक्के झेलणाऱ्या स्प्रिंगा-शॉकअपच्या कामाकडे वळलो होतो.

मोटारसायकलचा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरून धक्के झेलणाऱ्या दोन नळ्या, आमच्या हाताला परका नव्हता. क्रोमची नळी, तेल, सील; जॅकच्या घरातलंच काम. पहिली गिऱ्हाइकं पेडणे-बार्देशच्या किनाऱ्यावरची, भाड्यानं गाड्या देणारी. खाऱ्या वाऱ्यानं क्रोमला बारीक खड्डे पडतात आणि त्यांवर घासून नवं सीलही लवकरच फाटतं. आम्ही नळीवरून नख फिरवतो. अडकलं, की नुसतं सील बदलत नाही. आधी नळीचं बघा म्हणतो. हे ऐकून काही जण दुसरीकडे गेले, जाऊ दे.

खरं काम सुरू झालं ते ‘भाई, मागचा शॉकअप जरा टाईट करा’ या एका वाक्यातून. रोज कुणीतरी हेच म्हणत यायचं. म्हणून दुकानात वजनकाटा आणला. पाना हातात घेण्याआधी माणूस काट्यावर चढतो. हेल्मेट, जॅकेट, पाठीवरची बॅग, सगळ्यासकट. काही जण लाजतात, काही जण आकडा बघून काटाच खोटा ठरवतात.

फोंड्याच्या एका गृहस्थांचं उदाहरण देतो. गाडी ४११ सीसीची हिमालयन, मागच्या चाकाची हालचाल १८० मिलिमीटर. अंगावरच्या सामानासकट त्यांचं वजन ११२ किलो. चाक अधांतरी ठेवून एक्सलपासून सीटखालच्या खुणेपर्यंत माप घेतलं, मग गाडी नुसती उभी करून, मग ते बसल्यावर. माणूस बसला की एकूण हालचालीच्या तीसेक टक्के गाडी दबावी, म्हणजे इथं साधारण ५४ मिलिमीटर. ही दबत होती ७८. चोर्ला घाटातल्या खड्ड्यांसाठी उरलं काय? मी प्रीलोडची, म्हणजे स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवणारी रिंग शेवटपर्यंत फिरवली, तेव्हा माप ६०वर आलं. गृहस्थ खूश! पण ते उतरल्यावर गाडी स्वतःच्या वजनानं अजिबात दबेना. पुढचा ब्रेक दाबला की मागचं चाक वर सुटून शॉकअप आतून ‘टक्’ करायचा.

प्रीलोडनं स्प्रिंग कडक होत नाही, हे पटवणं हेच आमचं निम्मं काम आहे. गादी तीच ठेवून खाटेखाली विटा लावल्यासारखं ते, उंची तेवढी वाढते. कडकपणा ठरतो तारेच्या जाडीवर, वेटोळ्याच्या व्यासावर आणि वेटोळ्यांच्या संख्येवर. बाकी सगळं तेच ठेवून तार १० मिलिमीटरऐवजी १०.५ची घेतली, तर स्प्रिंग जवळपास २२ टक्क्यांनी कडक होते. अर्ध्या मिलिमीटरनं! त्यांची स्प्रिंग आम्ही बेळगावहून करून आणली. उगाच वेटोळी कापून खाली तुकडा घालणारेही आहेत. स्प्रिंग कडक होते खरी, पण वेटोळी लवकर एकमेकांना टेकतात आणि मग धक्का थेट पाठीच्या कण्यात.

स्प्रिंग बदलली की ती उसळतेही जोरात, आणि ती उसळी आवरणं हे आतल्या तेलाचं काम. इथं कम्युटर, म्हणजे रोजच्या ये-जा करायच्या साध्या गाड्यांची मर्यादा उघडी पडते. बहुतेकांचे मागचे शॉकअप कारखान्यातच कायमचे बंद केलेले असतात, उघडून काही बदलता येत नाही. पुढचे फोर्क साधे, तेल ठरावीक भोकांतून जाणारे. वेग दुप्पट झाला की विरोध जवळपास चौपट. म्हणून तोच फोर्क ब्रेक लावताना भसकन खाली जातो आणि खड्ड्याच्या धारेवर मनगट तोडतो. जाड तेलानं पहिलं दुखणं कमी होतं, दुसरं वाढतं. तेलाची पातळी थोडी वाढवून वरची हवा कमी केली तर शेवटचा आपटा टळतो. त्यापुढे मात्र आम्ही हात जोडतो. कडक स्प्रिंग घातली म्हणून गाडीची ओझं वाहायची क्षमताही वाढत नाही. टायर, ब्रेक, चेसिस तेच राहतात.

पायलट, म्हणजे गोव्यातले मोटारसायकल टॅक्सीवाले, त्यांचं गणित वेगळंच. पिवळ्या मडगार्डची गाडी, एका खेपेला कॉलेजची मुलगी, पुढच्या खेपेला माशांची पिशवी घेतलेला पोट सुटलेला काका. वजन ठरवायचं कुणाचं? त्यांच्यासाठी दोन्ही शॉकअपवरच्या प्रीलोडच्या खाचा साफ करून ग्रीस लावून देतो आणि त्या फिरवायचा हुक पाना सीटखाली ठेवायला सांगतो. दोन्हीकडे सारखी खाच हवी, एवढं बजावतो. यात कमाई काही नाही, पण स्टँडवरून गिऱ्हाईक तेच पाठवतात.

आता जॅकची कामं अधूनमधून येतात, ती बाबा बसून बघतात. सस्पेन्शनच्या प्रत्येक गाडीचं माप वहीत असतं. येताना रोज जसे फिरता तसे या. टाकी भरलेली, लगेज बॉक्स लावलेले, टायरमध्ये हवा बरोबर. हवा कमी असेल तर पहिलं काम तेच, आणि कधी कधी तेवढ्यावरच गाडी परत जाते. पावसाच्या तोंडावर फोर्कच्या कामाला रांग लागते, तेव्हा आधी फोन करा. चतुर्थीच्या आठवड्यात दुकान बंद.