बादलीतली कैरी आणि तिसऱ्यांच्या जोड्या

देवगड तालुक्यातल्या समुद्रकाठच्या एका वाडीत मी गेली अकरा वर्षे बालवर्ग चालवते आहे. खोली चिऱ्यांची आहे, मागच्या दारी चार माड आणि एक विहीर आहे, आणि यंदा वर्गात साडेतीन ते साडेपाच वर्षांची बावीस मुले होती. सुरुवातीची दोन-तीन वर्षे ‘कृतीतून शिक्षण’ या नावाखाली मी जे घेत असे, ते आता आठवले की थोडे ओशाळल्यासारखे होते. कागदावर सशाचे चित्र काढून द्यायचे, त्यावर मुलांनी कापूस चिकटवायचा, आणि महिनाअखेरीस बावीस एकसारखे ससे दोरीवर टांगून पालकांना दाखवायचे, असा तो प्रकार होता. त्यातले निम्मे ससे मीच पूर्ण केलेले असत. मुलांच्या वाट्याला आलेले शिक्षण म्हणजे बोटांना लागलेला डिंक!

पुढे अनुभवाने एक कसोटी माझ्या मनाशी पक्की झाली. एखादी कृती निवडताना मी स्वतःला एवढेच विचारते की मूल चुकले तर ते त्याला कोण सांगणार आहे, मी की त्याच्या हातातली वस्तू? सशाचा कान वाकडा लागला तर ससा काही बोलत नाही, बाईंनाच बोलावे लागते. उलट डब्याचे झाकण चुकीचे निवडले तर ते बसतच नाही, आणि मूल माझ्याकडे न बघता दुसरे झाकण उचलते. वर्गातल्या बहुतेक कृती आता मी याच कसोटीला लावते आणि त्यात बऱ्याचशा दिखाऊ कृती आपोआप गळून पडतात.

या कसोटीला सर्वांत चांगला उतरलेला खेळ आमच्या स्वयंपाकघरातून आला. तिसऱ्यांचे, म्हणजे खाण्याच्या शिंपल्यांचे, सुके किंवा रस्सा झाला की शिंपल्या परसात टाकल्या जातात. त्या गोळा करून, उकळून, दोन दिवस कडक उन्हात वाळवल्या की वास जातो. तिसरीची दोन शकले बिजागरीपाशी जोडलेली असतात आणि त्या जागी आतल्या बाजूने अगदी बारीक दाते असतात. एका शकलाचे दाते त्याच्या जोडीदाराच्या खाचांतच नीट बसतात, त्यामुळे साधारण त्याच मापाचे दुसरे शकल लावले तरी कुठेतरी फट राहते. दहा तिसऱ्यांची वीस शकले सुपात मिसळून द्यायची आणि जोड्या लावायला सांगायचे, एवढाच खेळ. पहिल्या दिवशी बहुतेक मुले रंगावरून जोड्या लावतात. तपकिरी नक्षी जुळली की त्यांना जोडी जुळल्यासारखी वाटते, आणि मग शिंपली मिटून पाहिल्यावर फसगत कळते. “बाईनू, हेचां तोंड मिटणा नाय,” अशी तक्रार एका मुलीने केली तेव्हा मी मुद्दामच काही बोलले नाही. तिने सुपातली सात-आठ शकले लावून पाहिली, आणि नववे ‘टक्’ असा आवाज करून मिटले. तो आवाज ऐकून शेजारची तिघे-चौघे आपापल्या जोड्या कानाशी नेऊन तपासू लागली. कानानेही जोडी तपासता येते, हे मला तोपर्यंत सुचले नव्हते. वर्षाच्या अखेरीस दोन मुले डोळे मिटून, नुसत्या कडेवरून बोट फिरवून जोडी ओळखू लागली होती.

अशा साहित्याचा विचार या किनाऱ्याला नवा नाही. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्यासोबत 1926 मध्ये नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना केली आणि 1945 मध्ये बोर्डीला ग्रामीण मुलांसाठी काम सुरू केले, तेव्हा त्यांच्यासोबत अनुताई वाघ होत्या. बोर्डी हे गाव आमच्याच किनाऱ्याच्या उत्तर टोकाला, आजच्या पालघर जिल्ह्यात आहे. माँटेसरी पद्धतीचे लाकडी साहित्य अतिशय विचारपूर्वक बनवलेले असले तरी ते महाग होते. खेड्यातल्या बालवाडीला परवडायचे तर त्यामागचे तत्त्व घेऊन वस्तू मात्र गावातल्याच घ्याव्या लागतील, हे त्या दोघींनी ओळखले, आणि दगड, बिया, पाने, शिंपले यांना शैक्षणिक साहित्याचा मान दिला. 1957 मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि तेथे गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळाही भरल्या. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, हा त्यामागचा विचार होता. आता राष्ट्रीय पातळीवरही बालवर्गासाठी ‘जादुई पिटारा’ नावाचा खेळण्यांचा संच 2023 मध्ये आला आहे आणि त्याला नाव ठेवण्याचे मला काही कारण नाही. मात्र आमच्याकडे पिटारा उघडायच्या आधी परस उघडे असते.

अंकांच्या बाबतीत मी चिंचोक्यांवर विसंबते. चिंचोके गुळगुळीत, हाताला जड आणि फुकट असतात. पाच-पाच चिंचोक्यांच्या दोन ओळी समोरासमोर मांडल्या की चार वर्षांचे मूल दोन्हीकडे सारखेच आहेत असे सांगते. त्याच्या डोळ्यांदेखत एका ओळीतले चिंचोके जरा लांब-लांब सरकवले की तेच मूल ठामपणे म्हणते, या ओळीत जास्त आहेत. झाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिलेली ही गोष्ट मी प्रशिक्षणात वाचली होती, पण स्वतःच्या वर्गात ती पाहिली तेव्हाच मला ती खरी वाटली. पूर्वी मी अशा वेळी “नीट मोज बघू” म्हणून मुलाला दुरुस्त करीत असे. मूल मोजून “पाच” म्हणायचे आणि तरीही “पण ह्या जास्त” असेच सांगायचे. आता मी दुरुस्त करीत नाही. प्रत्येक चिंचोक्यासाठी एक करवंटी देते आणि एकेका करवंटीत एकेक चिंचोका टाकायला सांगते. करवंटी उरत नाही आणि चिंचोकाही उरत नाही, असे पन्नास-साठ वेळा हातून घडले की एका दिवशी मूल ओळ सरकवलेली पाहून नुसते हसते. तो दिवस आणण्याची घाई मला करता येत नाही.

बियांविषयी एक कबुली द्यायला हवी. चार वर्षांपूर्वी मी कडधान्ये निवडण्याचा खेळ ठेवला होता आणि त्यात सुके वाटाणे होते. एका मुलाने त्यातला एक वाटाणा नाकात घातला आणि भीतीने तो कोणाला काही बोलला नाही. दुपारपर्यंत वाटाणा ओलाव्याने फुगला, आणि डॉक्टरांनी चिमट्याने तो काढेपर्यंत माझ्या जिवात जीव नव्हता. चूक सर्वस्वी माझी होती, कारण त्या वेळी मी हजेरीपटात डोके घालून बसले होते. त्या दिवसापासून लहान बियांचा खेळ एका वेळी चारच मुलांना, आणि तोही मी किंवा वर्गातल्या मदतनीस मावशी समोर बसलेल्या असतानाच मिळतो. गुंजा दिसायला कितीही सुंदर असल्या तरी त्या विषारी असल्यामुळे वर्गात अजिबात येत नाहीत.

पावसाळ्यातले दिवस बहुधा चिमटीच्या कामात जातात. बाहेर धो धो पाऊस असताना वाळवून ठेवलेली पुळणीवरची वाळू चिमटीने सोडून पाटावर रेघ ओढायची, हे काम दिसायला रांगोळीसारखे असले तरी त्यात अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांची जी पकड लागते, तीच पुढे पेन्सिलीला लागते. माडाच्या पातीचे भिरभिरे आणि पिपाणी आमच्या मावशी माझ्यापेक्षा कितीतरी सफाईने करतात, त्यामुळे तो तास मी त्यांच्याकडेच सोपवला आहे.

रंगांचा खेळ एका आईच्या तक्रारीतून सुरू झाला. मुलाच्या पांढऱ्या सदऱ्यावर हळदीचा डाग पडला होता, साबण लावताच तो लाल झाला आणि मी वर्गात कसला तरी रंग दिला असावा, असे त्यांना वाटले. मी दुसऱ्या दिवशी हळदीच्या पाण्यात चुन्याची निवळी घालून दाखवली आणि मुलांनी तो लाल रंग पाहून आरडाओरडा केला. मग तांबड्या जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात कुस्करून ते पाणी तीन वाट्यांत ओतले. एकीत लिंबू पिळले, एकीत खाण्याचा सोडा घातला आणि एक तशीच ठेवली. लिंबाची वाटी लालभडक आणि सोड्याची हिरवट झाली. आम्ल आणि अल्कली हे शब्द मी उच्चारले नाहीत, कारण त्या वयाला त्यांची गरज नाही. मुलांनी मात्र पुढचा आठवडाभर ताक, चिंचेचे पाणी, राख, फेसाचे पाणी, जे हाती लागेल ते त्या वाट्यांत घालून पाहिले आणि ‘लाल करणारे’ व ‘हिरवे करणारे’ अशा दोन रांगा स्वतःच मांडल्या.

पालकांना हे सारे पटतेच असे नाही. “माझो झील घराक इलो काय शिंपल्यांचाच सांगता, एबीसीडी कधी शिकवतलात?” असे एका वडिलांनी सभेत सरळ विचारले. त्यांचा प्रश्न मला गैर वाटत नाही. शेजारच्या गावातल्या मुलाची वही भरलेली दिसते आणि आपल्या मुलाची कोरी, म्हणजे काळजी वाटणारच. मी त्यांच्यापुढे भाषण केले नाही, शिंपल्यांचे सूप ठेवले. ते स्वतः मासेमारी करणारे, त्यामुळे पाच मिनिटांत जोड्या लावतील अशी माझी अपेक्षा होती. त्यांनीही आधी रंगावरूनच जोड्या लावल्या आणि त्यांच्या मुलाने त्यातल्या तीन परत काढून दिल्या.

यंदाचा सर्वांत चांगला आठवडा एप्रिलमधला. वाऱ्याने पडलेल्या हापूसच्या नऊ कैऱ्या एका आजोबांनी पाठवल्या होत्या. देठाचा चीक तोंडाला लागला तर फोड येतात, म्हणून त्या आदल्या दिवशीच धुऊन ठेवल्या होत्या. बुडणे-तरंगणे हा खेळ मुलांना परिचित होता. सोडण असलेला नारळ तरंगतो आणि चिऱ्याचा तुकडा बुडबुडे सोडत तळाला जातो, हे त्यांना ठाऊक होते. कैऱ्या सगळ्या एकसारखे वागतील असे सर्वांनी गृहीत धरले होते. विहिरीच्या पाण्याच्या बादलीत सहा बुडाल्या आणि तीन वर राहिल्या. “हो बुडलो, तो तरंगता!” असा गलका झाला आणि मुलांनी त्या तीन कैऱ्या पुन्हा पुन्हा दाबून पाहिल्या, जणू त्या हट्ट करीत होत्या.

बागायतदारांना यातले मर्म ठाऊक असते. आंबा तयार होत आला की त्याचा गर भरतो, तो पाण्याहून किंचित जड होतो आणि बुडतो. कोवळा आंबा तरंगतो. मी हे सांगण्याच्या बेतात असतानाच एका मुलाने समुद्राच्या पाण्यात काय होईल असे विचारले आणि मी गप्प बसले. दुसऱ्या दिवशी त्याचे वडील होडीवरून येताना कॅन भरून पाणी घेऊन आले. बुडालेल्या सहांपैकी चार कैऱ्या त्यात तरंगल्या! लिटरमागे साधारण 35 ग्रॅम क्षार असलेले ते पाणी विहिरीच्या पाण्यापेक्षा जड असते, पण मुलांचे स्पष्टीकरण वेगळे होते. “खारट लागला म्हणान आंबो वर इलो,” असे एकीचे मत पडले. मग मत तपासण्यासाठी विहिरीच्या दहा लिटर पाण्यात एक बुडालेली कैरी ठेवून मुलांनी एकेक मूठ मीठ घालायला सुरुवात केली. प्रत्येक मुठीनंतर ढवळायचे, थांबायचे आणि पाहायचे. सातव्या मुठीला कैरी तळावर जराशी हलली, नवव्याला उभी राहिली, आणि अकराव्या मुठीला ती सावकाश वर आली तेव्हा खोलीत आवाज नव्हता.

आजोबा दुसऱ्या दिवशी स्वतः बघायला आले. देठाजवळचे खांदे भरलेले पाहून आंबा ओळखण्यात त्यांची हयात गेली आहे, तरी बादलीपाशी ते बराच वेळ उकिडवे बसले होते. त्यांच्याच सांगण्यावरून आम्ही तरंगलेल्या तीन कैऱ्यांवर कोळशाने खूण केली आणि नऊही कैऱ्या गवतात घालून कोपऱ्यात अढी लावली. रोज सकाळी एक चिंचोका वाटीत टाकून दिवस मोजले. अकराव्या दिवशी अढी उघडली. बुडालेले सहाही आंबे पिवळे झाले होते, खुणेच्या तिघांपैकी दोन सुरकुतले होते, आणि तिसरा मात्र बाकीच्यांइतकाच पिवळाधमक आणि घमघमीत निघाला. मुलांना ते मुळीच पटेना. तो आता पाण्यात बुडतो का ते पाहायचे, असे ठरवून दोघे बादली भरून आणायला विहिरीकडे धावले, पण ते परत येईपर्यंत मावशींनी त्याच्या फोडी केल्या होत्या.